उकंडराव वल्द माहीत नाही

प्रत्येक माणसाला पूर्वज असतात ही गोष्ट शासनाला तत्त्वतः मान्य आहे. ते होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र अर्जदाराची असते, आणि कागद सापडेपर्यंत माणूस आपला आपणच जन्मला असं धरून त्याच्याशी पत्रव्यवहार करावा लागतो. या तत्त्वावर मी वाशीमकडच्या एका तालुक्याच्या कचेरीत अभिलेखपाल म्हणून एकोणीस वर्षं काढली आहेत. (कोणत्या तालुक्याच्या, ते सांगायची मला परवानगी नाही. मी ती मागितलेलीही नाही.)

आमच्या अभिलेखकक्षात एक हजार एकशे चौऱ्याऐंशी बस्ते आहेत. बस्ता म्हणजे लाल फडक्यात बांधलेली कागदांची गठडी. यांपैकी नऊशे बस्ते सोडता येतात, दोनशे बारा सोडले तर पुन्हा बांधता येत नाहीत, आणि उरलेल्या बहात्तरांत काय आहे ते फक्त वाळवीला ठाऊक आहे. (वाळवीला नकला मोफत मिळतात. बाकी सर्वांना तिकीट लावावं लागतं.)

या सगळ्यांत मोलाची म्हणजे कोतवाल बुकं. पूर्वी वऱ्हाडातल्या गावोगावी कोण जन्मलं आणि कोण मेलं हे गावचा कोतवाल सांगायचा, पटवारी ते मोडीत लिहून घ्यायचा, आणि मग कोतवाल ते बुक काखेत मारून पायी ठाण्यावर नेऊन दाखवायचा. म्हणजे ज्याने पाहिलं त्याला लिहिता येत नव्हतं, ज्याला लिहिता येत होतं त्याने पाहिलं नव्हतं, आणि ज्याने तपासलं त्याने यांतलं काहीच केलं नव्हतं. याहून विश्वसनीय पुरावा सरकारदरबारी दुसरा नाही. कचेरीत मोडी वाचणारा मी एकटाच असल्यामुळे मी जे वाचतो तेच तिथे लिहिलेलं असतं.

सन १९७१ ते ७४ या काळात पूर्वज शोधायला एकूण त्र्याऐंशी अर्जदार आले. एकेचाळीस जणांना पूर्वज मोठे हवे होते. तीस जणांना ते गरीब आणि गांजलेले हवे होते, कारण शासनाची तशी अट होती. अकरा जणांना शेतीसकट हवे होते. एक जण रेशनकार्डाच्या रांगेतून चुकून आत आला होता. त्यालाही मी रिकाम्या हाताने परत पाठवलं नाही. त्याचा पणजोबा बैल चोरताना सापडल्याचा कागद योगायोगाने वरच होता, तो त्याला वाचून दाखवला. रेशनकार्डासाठी तो पुढे दुसऱ्या तालुक्यात राहायला गेला असं कळतं.

या यादीतले दोन अर्जदार एकाच गावचे होते. त्यांची ही हकीकत.

पहिले पंजाबराव पाटील. केनवडच्या बाजाराला बैलगाड्या जोडून जाणाऱ्या एका गावचे ते सरपंच. साठ एकर जमीन, पंचक्रोशीतला पहिला ट्रॅक्टर आणि आवाज असा की ग्रामपंचायतीला भोंगा घ्यावा लागला नव्हता. १९७४ च्या एप्रिलात ते माझ्याकडे आले ते मुलीच्या लग्नाच्या निमित्ताने. विमलला धनजकडचं स्थळ आलं होतं. स्थळ उत्तम होतं, मुलगा शेतकीचा पदवीधर होता, देण्याघेण्याचा प्रश्न नव्हता. फक्त धनजच्या लोकांनी पत्रिकेबरोबर आपला छापील कुलवृत्तान्तही पाठवला होता. त्यात अकरा पिढ्या होत्या आणि पहिल्या पिढीतला माणूस मुखपृष्ठावर घोड्यावर बसलेला होता. आपलाही वृत्तान्त पाठवावा, अशी खाली नम्र विनंती होती.

त्या वर्षांत कुलवृत्तान्ताची साथच आली होती. बहात्तरच्या दुष्काळात लोकांची गुरं गेली, विहिरी आटल्या. पूर्वज तेवढे वाढले. पंजाबरावांची अडचण अशी की त्यांना आजोबांपर्यंतच ठाऊक होतं. आजोबांचं नाव उकंडराव. उकंडरावांच्या मागे काय, हे घरात कोणी विचारलं नव्हतं आणि कोणी सांगितलंही नव्हतं. तालुक्याला कापड घ्यायला गेले असताना त्यांनी चांदमल शेठच्या दुकानात राजस्थानातून आलेला भाट पाहिला होता. भाटाने गादीवर बसून वही उलगडली आणि चांदमलच्या एकोणीस पिढ्या एका दमात वाचून दाखवल्या. चांदमल शेठ डोळे मिटून ऐकत होते. पंजाबरावांना घरी परतताना पायजम्याचं कापड घ्यायची आठवण राहिली नाही.

माझ्यासमोर बसून त्यांनी आपली मागणी स्पष्ट मांडली. एखादा सरदार मिळाला तर बरं. नसेल तर जमादारही चालेल, पण घोड्यावरचा हवा. मी त्यांना सांगितलं की घोड्याचा रकाना कोतवाल बुकात नाही. ते म्हणाले, शोधा, रकान्याच्या बाहेर असेल.

दुसरा अर्ज मे महिन्याच्या सुरुवातीला आला. अर्जदार भागिरथा, विधवा, राहणार त्याच गावी, धर्म बौद्ध. नवरा सुखदेव तीन वर्षांपूर्वी वारला होता. दोन एकर कोरडवाहू जमीन आणि उरलेले दिवस दुसऱ्यांच्या शेतात निंदण-खुरपण, यावर तिने मुलगी ललिता हिला मॅट्रिकपर्यंत नेलं होतं. ललिताची अकोल्याला नर्सच्या शिक्षणासाठी निवड झाली होती. पंधरा जुलैच्या आत दाखला हजर करायचा, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला जाणार. दाखल्याच्या नमुन्यातला पाचवा रकाना असा होता: धर्मांतरापूर्वीची जात, पुराव्यासह.

भागिरथाने तो रकाना मला दोनदा वाचायला लावला. मग म्हणाली, "बाबू, ते तं आमी छप्पन साली टाकून आलो. आता परत आणाले सांगता काय?"

मी तिला नियम समजावून दिला. टाकलेली वस्तू आपली होती याचा पुरावा असल्याशिवाय ती टाकली असं धरता येत नाही. ज्यांनी जात टाकली त्यांना शासन सवलत देतं, आणि जात टाकली हे सिद्ध करायला ती जपून ठेवलेली असणं आवश्यक आहे. यात मला तरी काही विसंगत दिसत नव्हतं. भागिरथा माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मी अशिक्षित आहे की काय, अशी शंका तिला आली असावी.

तिच्याजवळचे पुरावे मी नियमाप्रमाणे तपासले. सुखदेव शाळेत गेलेला नसल्यामुळे शाळेचा दाखला नव्हता. त्याला शाळेत का घेतलं नाही याचं कारण सगळ्या गावाला माहीत होतं, आणि तेच कारण सिद्ध करायचं होतं. पण शाळेत न घेतलेल्यांची नोंद शाळा ठेवत नाही. सुखदेवचा आजा ग्यानबा हा गावचा कोतवाल होता. कोतवालीच्या कागदांत ग्यानबा, त्याचा मुलगा सोमा आणि नातू सुखदेव ही तिन्ही नावं ओळीने होती, पण जात लिहिलेली नव्हती. कोतवालकी कोणाकडे असते हे तेव्हा इतकं उघड होतं की शाई खर्च करायची गरज कोणाला वाटली नाही. जन्माच्या नोंदी पाहाव्यात तर तिथे उलटा प्रकार. तिच्या वस्तीतल्या चौतीस जन्मांच्या नोंदी मला सापडल्या. प्रत्येक ठिकाणी जात स्पष्ट होती आणि नाव नव्हतं. 'महारवाड्यात एक मुलगा', 'महारवाड्यात एक मुलगी', एवढंच. म्हणजे एका कागदात जातीशिवाय माणसं होती आणि दुसऱ्या कागदात माणसांशिवाय जात. दोन्ही कागद एकत्र ठेवले तर काम भागण्यासारखं होतं, पण तसं ठेवण्याचा अधिकार तहसीलदाराच्या खालच्या कोणाला नाही.

दोन्ही अर्जदारांचं गाव एक असल्यामुळे मी बस्ता एकदाच सोडला. (यामुळे शासनाची एक गाठ वाचली.) पंजाबरावांसाठी मी घोडेस्वार शोधत होतो आणि भागिरथासाठी पायी चालणारा ग्यानबा. चार दिवसांनी मला दोघेही एकाच पानावर मिळाले. नोंद मी जशीच्या तशी देतो. (उकंडा म्हणजे उकिरडा.)

'तारीख ३ फेब्रुवारी सन १९००. मुलगा. उमर अंदाजे एक महिना. बापाचे नाव माहीत नाही. आईचे नाव माहीत नाही. जात माहीत नाही. गावचे उकंड्यावर जिवंत मिळाला. दुष्काळातील वाटसरू लोकांपैकी असावा. पाटलाचे घरी देण्यात आला. नाव उकंडा ठेविले. मुलास उचलणार व खबर देणार ग्यानबा वल्द राघो, जात महार, कोतवाल मौजे मजकूर.'

एरवी नाव न लिहिणाऱ्या पटवाऱ्याने इथे ग्यानबाचं नाव, बापाचं नाव आणि जात तिन्ही लिहिली होती. बिनओळखीचं मूल पाटलाच्या घरात जातंय म्हटल्यावर उद्या काही निघालं तर जबाबदार कोण, एवढं त्याला निश्चित करून ठेवायचं होतं. भागिरथाला हवा होता तो पुरावा पुऱ्या वऱ्हाडात या एका पानावर होता. आणि पंजाबरावांना नको होता तोही.

दोघांना निष्कर्ष कळवणं माझं कर्तव्य होतं. पंजाबराव आधी आले. मी नोंद वाचली. त्यांनी ती पुन्हा वाचायला लावली. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्यांनी आवाज खाली आणून, म्हणजे बाहेरच्या झाडाखालच्या लोकांना ऐकू जाणार नाही इतका खाली आणून, विचारलं, "बाबू, ही मोडी हाय ना? थोडी मोडून वाचली तं दुसरं काही निंगत नाही काय?"

मी सांगितलं की निघतं, पण इतकं नाही.

पंजाबराव हुशार होते. दोन दिवसांत ते दुसरा मुद्दा घेऊन आले. आमच्याकडे पद्धत आहे. एखाद्या बाईची मुलं जगत नसली तर पुढचं मूल जन्मल्याबरोबर उकंड्यावर नेऊन ठेवायचं, कोणी तरी ते केरातून सापडल्यासारखं उचलायचं, आणि नाव ठेवायचं उकंडा. मृत्यू फसतो आणि पुढे जातो. गावागावांत असे उकंडे, उकंडराव, उकंडाबाई आहेत, आणि त्यांचे आईबाप घरीच असतात. पंजाबरावांचं म्हणणं असं की आजोबांच्या बाबतीतही हा विधीच झाला, आणि पटवारी बाहेरचा असल्यामुळे त्याला तो खरा वाटला.

मुद्दा विचारात घेण्यासारखा असल्यामुळे नायब तहसीलदार उदयसिंग साहेबांनी चौकशी लावली. चौकशीचा विषय: सन १९०० मधला उकंडा विधीचा होता की खरा. मे महिन्याच्या उन्हात आम्ही चौघे जीपने गावी गेलो. उकंडा जागेवरच होता. त्याची लांबी एकेचाळीस फूट, रुंदी तेवीस फूट आणि वास रस्त्यापर्यंत भरला. दोन वृद्ध साक्षीदार तपासले. पहिल्याने विधीच झाला असं शपथेवर सांगितलं. त्याचा जन्म १९०६ चा निघाला. दुसरा म्हणाला की दुष्काळात माणसं रस्त्याने मरत होती तेव्हा विधी करायला धान्य कोणाच्या घरात होतं. तो म्हणाला, हे त्याच्या आईने त्याला सांगितलं होतं. अहवालाचा निष्कर्ष मी स्वतः लिहिला आणि साहेबांनी त्यातलं एक अक्षर बदललं नाही: 'उकंडा खरा आहे. विधीबाबत उकंड्यावर पुरावा आढळून आला नाही.'

मग एक जूनला दोन अर्ज एकाच दिवशी आले. पंजाबरावांचा अर्ज असा की सदर पान अतिशय जीर्ण झालं असल्यामुळे नियमाप्रमाणे नष्ट करण्यात यावं. भागिरथाचा अर्ज असा की सदर पानाची प्रमाणित नक्कल मिळावी. साहेबांनी दोन्ही अर्ज वाचले आणि दोन्हींवर एकच शेरा मारला: 'नियमानुसार करावे.'

या शेऱ्याचा मी मोठा चाहता आहे. त्याने आजवर कोणाचं नुकसान झालेलं नाही, कारण त्याने आजवर काहीच झालेलं नाही. पण या वेळी काहीतरी करणं भाग होतं. नष्ट केलेल्या पानाची नक्कल देता येत नाही आणि नक्कल दिलेलं पान नष्ट करून उपयोग नाही. त्यातून, नक्कल द्यायची तर तीत ज्या दुसऱ्या कुटुंबाचा उल्लेख आहे त्याची हरकत नाही असं लेखी हवं, आणि नंतर गावच्या चावडीवर तीस दिवस जाहीर नोटीस हवी. दाखल्यावर सही व्हायला लागणारे आठ-दहा दिवस धरून पंधरा जुलैपासून उलटं मोजलं तर माझ्याकडे चार-सहा दिवस होते. मी दोन्ही पक्षकारांना पाच जूनला सकाळी अकरा वाजता अभिलेखकक्षात बोलावलं.

पंजाबराव पांढरं धोतर नेसून आले होते. भागिरथा गावाहून एस.टी.ने आली होती आणि दाराशीच उभी होती. मी तिला बसायला सांगितलं. अभिलेखकक्षात खुर्च्या दोनच असल्यामुळे मी उभा राहिलो.

पंजाबराव आधी बोलले, आणि चांगलं बोलले. ते म्हणाले की पानाची गरजच काय. ते स्वतः सरपंच या नात्याने दाखला देतील. चार पिढ्यांपासून हे घर आमच्या माहितीतलं आहे असं लिहून देतील. ललिताला आपल्या जीपने अकोल्याला नेऊन सोडतील, तिथल्या साहेबांना भेटतील, आणि शिक्षण पुरं होईस्तोवर पोरीला काही कमी पडू देणार नाहीत. त्यांच्या बोलण्यात धमकी नव्हती, हे मी नमूद करतो. ते खरोखर मदत करायला तयार होते. फक्त कागदाशिवाय.

भागिरथाने सगळं ऐकून घेतलं. मग पिशवीतून एक घडी केलेला कागद काढून त्यांच्यासमोर ठेवला. तो त्यांनीच मार्च महिन्यात दिलेला सरपंचाचा दाखला होता. वर लाल शाईत शेरा होता: 'पुरावा जोडावा.' पंजाबरावांनी आपली सही पाहिली, तिच्यावरचा शेरा पाहिला आणि कागद परत दिला. इतक्या वर्षांत आपल्या सहीवर कोणी लिहिलेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं.

ते म्हणाले, "भागिरथा, माही पोरगी बी लग्नाची हाय."

"माह्यीत हाय," ती म्हणाली. मग पानाकडे बोट करून, अगदी हळू, शेतात बांधावर बसून बोलावं तसं ती म्हणाली, "पाटील, तुमच्या घरानं आमच्या हातचं पानी कदी नाही घेतलं. लेकरू घेतलं. तेवढंच लिवलं हाय इथं. त्याच्यात खोटं काय हाय?"

यानंतर पक्षकार क्रमांक एक हे सुमारे चार मिनिटं काही बोलले नाहीत. त्यांनी पान हातात घेतलं, म्हणजे मी ते घेऊ दिलं, जे नियमबाह्य आहे. मोडी त्यांना वाचता येत नव्हती. तरी ते ओळीवरून ओळीवर बोट नेत होते. फाडतात की काय असं मला वाटलं, आणि फाडलं तर आपण काय करायचं याचा मी विचार करू लागलो. त्या परिस्थितीत अभिलेखपालाने आधी तहसीलदारांना लेखी कळवायचं असतं. त्यांनी पान फाडलं नाही. टेबलावर ठेवलं आणि वरून हात काढून घेतला.

आमच्या नमुन्यात गप्प बसण्यासाठी रकाना नाही. म्हणून मी तिथे 'हरकत नाही' असं लिहिलं आणि कागद त्यांच्यापुढे केला. हे अक्षर बाळबोध होतं, त्यांना वाचता आलं. त्यांनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

मी ते कोणत्या नियमाखाली लिहिलं, तो नियम मला अजून सापडलेला नाही. शोध चालू आहे.

सात जूनला गावच्या चावडीवर नोटीस लागली. जे पान चौऱ्याहत्तर वर्षांत मी आणि वाळवी सोडून कोणी वाचलं नव्हतं, ते बाळबोधात, ठळक अक्षरात, सगळ्या गावासमोर आलं. पहिले दोन दिवस तिथे गर्दी होती. वाचता न येणाऱ्यांना वाचता येणारे वाचून दाखवत, आणि 'जात माहीत नाही' पाशी आवाज आपोआप खाली जाई. पंजाबरावांसमोर कोणी हसलं नाही. पाठीमागे किती हसले याची नोंद नाही. तिसऱ्या दिवसापासून मात्र गाव विचारात पडलं. पाटलाच्या पानावर हे निघालं, तर त्याच बुकात आपलंही पान असणार, आणि बाबू ते बुक अजून बंद करून राहिला नाही, हे लोकांच्या ध्यानात आलं. नोटिशीवर हरकत एकही आली नाही. आपापली पानं जीर्ण झाल्याबद्दल मात्र त्या एका गावातून एकोणतीस अर्ज आले. त्यांतल्या कोणीही आपलं पान पाहिलेलं नव्हतं.

धनजला बातमी पोचायला दहा दिवस लागले. तिकडून निरोप आला की पावसाळा तोंडावर आहे, सोयरिकीचं निवांतपणे बघू. याचा अर्थ विमललाही कळला. पंजाबराव दोन दिवस शेतातच राहिले, आणि तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आले.

मला वाटलं, सही मागे घ्यायला आले. त्यासाठीचा नमुना मी काढूनही ठेवला होता. ते म्हणाले, "मले बी एक नक्कल द्या."

मी तिकिटं लावली. नक्कल लिहीत असताना ते खिडकीतून बाहेर बघत बसले होते. मग, मी काही विचारलेलं नसताना, म्हणाले, "आमचा आजा उकंड्याजवळून जाये तवा पायातल्या वहाना काढे. आमाले वाटे म्हतारा चळला."

हे विधान शपथेवर नसल्यामुळे मी फाईलला लावलेलं नाही.

ती नक्कल त्यांनी धनजला रजिस्टर टपालाने पाठवली. सोबतचं पत्र त्यांनी मला दाखवलं होतं आणि भाषेच्या दोन चुका मी दुरुस्त केल्या. पत्र थोडक्यात असं: आपल्या मागणीप्रमाणे आमच्या घराण्याचा वृत्तान्त प्रमाणित नकलेसह पाठवत आहे. छापील पुस्तकाला सरकारी शिक्का नसतो, म्हणून ते पाठवलं नाही. आपणही आपल्या गावच्या कोतवाल बुकातून आपली नक्कल काढून उलट टपाली पाठवावी. अकरा पिढ्या तपासण्याची आवश्यकता नाही. दुष्काळाची वर्षं तेवढी पाहिली तरी पुरे.

उलट टपाली पत्र आलं. त्यात कुलवृत्तान्ताचा किंवा घोड्याचा कोणताही उल्लेख नव्हता. माणसाची माणुसकी बघावी, कागद काय चाटायचे आहेत, असं धनजच्या वडीलधाऱ्यांनी लिहिलं होतं, आणि लग्नाच्या तीन तारखा दिल्या होत्या. विमलचं लग्न मार्गशीर्षात झालं. मला निमंत्रण होतं. जेवणाच्या पंगतीत धनजचे एक वृद्ध गृहस्थ मुद्दाम माझ्याशेजारी येऊन बसले आणि त्यांनी दोन वेळा विचारलं की माझी बदली तिकडे होण्याची काही शक्यता आहे का.

भागिरथाची नक्कल आठ जुलैला तयार झाली. तिने विचारलं, ग्यानबाचं नाव कुठे आहे. मी दाखवलं. तिने त्यावर बोट ठेवलं आणि ते एवढंच मला पुन्हा वाचायला सांगितलं. 'ग्यानबा वल्द राघो.' पुढचे दोन शब्द, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप झाला होता, ते तिने वाचू दिले नाहीत.

नक्कल घडी करताना तिने विचारलं, "आन् ते बाकीचे चौतीस लेकरं?"

मी सांगितलं की त्या नोंदींत नावं नसल्यामुळे त्यांच्या नकला कोणाला देता येत नाहीत.

"नावं होते त्याईले," भागिरथा म्हणाली, आणि गेली.

दाखला बारा जुलैला सही होऊन मिळाला. चौदाला ललिता एस.टी.ने अकोल्याला पोचली. पंजाबरावांची जीप दारात उभी होती, पण भागिरथाने तिकीट आधीच काढून आणलं होतं. तीन वर्षांनी ललिता नर्स झाली. सध्या ती ज्या दवाखान्यात आहे तिथून जन्माच्या नोंदी आमच्याकडे येतात. नावाचा रकाना ती कधी रिकामा सोडत नाही. मुलाचं नाव ठरलेलं नसलं तर आईच्या उशाशी उभी राहून ठरवून घेते, अशी तिच्याविरुद्ध एक तक्रारही आहे. तक्रारीवर साहेबांचा शेरा पडला आहे: 'नियमानुसार करावे.'

या प्रकरणामुळे वरून एक परिपत्रक निघालं. मोडी वाचणारे संपण्याच्या आत सर्व गावांची कोतवाल बुकं बाळबोधात उतरवून ठेवावीत, असं त्यात म्हटलं आहे. हे काम माझ्याकडे आहे. शेजारच्या तालुक्यांचे आणि जिल्ह्यांचे बस्तेही आता आमच्याकडे येऊ लागले आहेत. घाई नाही. मी रोज बारा पानं उतरवतो.

तुमच्या गावाचा बस्ता मी मागच्या बुधवारी सोडला.

तुम्ही इथपर्यंत पंजाबरावांना हसत आलात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तुमच्या आज्याच्या आज्याचं पान चांगल्या स्थितीत आहे, वाळवी कडेनेच गेली आहे. बापाच्या नावावर शाई थोडी सांडली आहे, पण उचलणाराचं नाव, त्याच्या बापाचं नाव आणि त्याची जात तिन्ही स्पष्ट वाचता येतात. कचेरीची वेळ अकरा ते पाच. पान पाहण्यासाठी आणि पान न पाहण्यासाठी अर्जाचा नमुना एकच आहे. नको असेल तो शब्द खोडायचा, आणि खाली स्वतःची सही करायची.